निवडणूक नोव्हेंबरची, निवड मात्र आदल्या नोव्हेंबरातच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्या आपल्या दैनिकात सविस्तर येतात आणि इतक्या लांब राहूनही मी त्या आवर्जून वाचतो. त्या बातम्यांचा सारा भर मात्र मतदानाच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यांवर असतो. ३ नोव्हेंबर २०२६ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागा, सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा आणि बहुतेक राज्यांच्या विधिमंडळांतील जागा यांसाठी मतदान होईल, तेव्हा आपल्याकडेही रकानेच्या रकाने भरतील. परंतु त्यांपैकी कित्येक जागांचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, उमेदवारी अर्ज स्वीकारणाऱ्या कचेरीतच निकालात निघालेला असतो, याकडे इथल्या मतदारांचेही फारसे लक्ष नसते. मी राहतो त्या इलिनॉय राज्यात नुकतेच जे घडले, त्यावरून हा विषय आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

आपल्याकडचे वेळापत्रक वाचकांना पाठ आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर अशी होती, माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. म्हणजे अर्जापासून मतदानापर्यंतचा सगळा खटाटोप महिनाभरात आटोपला आणि माघारीनंतरही २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात उरले. इलिनॉयमध्ये काँग्रेससाठी आणि राज्याच्या विधिमंडळासाठी पक्षीय उमेदवारांनी अर्ज भरण्याची मुदत २७ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२५ अशी होती. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक, जिला इथे सगळे प्रायमरी म्हणतात, ती १७ मार्च २०२६ रोजी आहे. आणि खरी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ रोजी. अर्जाची मुदत संपली त्या दिवसापासून मतदानाचा दिवस बरोबर एक वर्षावर आहे. टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना आणि आर्कान्सा या राज्यांतही प्रायमरी मार्चच्या सुरुवातीलाच असल्यामुळे अर्जाची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरातच येते.

अर्ज वर्षभर आधी घेतले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, इथले बहुसंख्य मतदारसंघ कोणत्या ना कोणत्या पक्षाचे बालेकिल्ले झाले आहेत. शिकागो शहरातल्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरचे मतदान हा उपचारच असतो, आणि टेक्सासच्या अनेक ग्रामीण मतदारसंघांत रिपब्लिकन उमेदवाराची गोष्ट हीच. तिथे खरी चुरस प्रायमरीत. आणि प्रायमरीत चुरस व्हायची तर एकाहून अधिक अर्ज वेळेत दाखल झालेले हवेत.

आता घडले ते सांगतो. शिकागोच्या चौथ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी हेसूस गार्सिया (त्यांना सगळे ‘चुई’ म्हणून ओळखतात) यांनी पुन्हा उभे राहण्यासाठी आपला अर्ज भरलेला होता. विद्यमान प्रतिनिधी पुन्हा उभा आहे म्हटल्यावर पक्षातले दुसरे कोणी त्या जागेच्या अर्जासाठी लागणाऱ्या मतदारांच्या सह्या गोळा करण्याच्या भानगडीत पडले नाही. मुदत संपायच्या शेवटच्या दिवशी त्यांच्याच कार्यालयाच्या प्रमुख पॅटी गार्सिया यांचा अर्ज दाखल झाला. आडनाव एक असले तरी दोघांचे नाते नाही. मुदत टळली आणि त्यानंतर चुई गार्सिया यांनी आपण निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीसाठी त्या मतदारसंघात एकच नाव उरले. स्वतःची प्रकृती, पत्नीचे आजारपण आणि दत्तक घेतलेल्या नातवाची जबाबदारी ही कारणे त्यांनी दिली, आणि ती खोटी आहेत असे म्हणण्याचा मला काहीच अधिकार नाही. घरच्या अडचणीमुळे राजकारण सोडणारा माणूस सहानुभूतीलाच पात्र असतो. प्रश्न निवृत्तीचा नाहीच, तिच्या मुहूर्ताचा आहे.

या प्रकाराचा निषेध करणारा ठराव त्यांच्याच पक्षाच्या, वॉशिंग्टन राज्यातील प्रतिनिधी मेरी ग्लुसेनकँप पेरेझ यांनी प्रतिनिधिगृहात मांडला आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो २३६ विरुद्ध १८३ मतांनी संमत झाला. बहुतेक डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात मत दिले. आपल्या माणसाला असे भर सभागृहात उघडे पाडू नये, अशी त्यांची भूमिका होती. ठरावाने अर्थात काहीच बदलले नाही. मुदत संपली ती संपलीच.

गंमत अशी की, ही जागा गार्सिया यांच्याकडे आली तीही जवळजवळ याच वाटेने. त्यांच्याआधीचे प्रतिनिधी लुईस गुटिएरेझ यांनी २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस, मुदत संपायला आठवडाभर उरला असताना, भरलेला अर्ज मागे घेतला आणि गार्सिया यांना पाठिंबा दिला. शेजारच्या तिसऱ्या मतदारसंघात तर २००४ साली बिल लिपिन्स्की यांनी प्रायमरी जिंकल्यावर ऑगस्टमध्ये माघार घेतली आणि पक्षाने त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव डॅन यांचे नाव लावले. घराणेशाही ही फक्त आपल्याच मातीत उगवते, असे ज्यांना वाटते त्यांनी शिकागोचा हा इतिहास जरूर पाहावा. वारसदार नेमण्याची हौस सगळीकडे सारखीच आहे. फक्त आपल्याकडे त्यासाठी पक्षाचा एबी फॉर्म लागतो आणि इथे घड्याळ लागते.

वास्तविक त्याच इलिनॉयमध्ये, त्याच मोसमात, सरळ मार्गाने निवृत्त होणारेही होते. नवव्या मतदारसंघाच्या प्रतिनिधी जॅन शकाऊस्की यांनी मे २०२५ मध्येच आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगितले. सिनेटर डिक डर्बिन यांनी एप्रिलमध्येच तसे जाहीर केले होते. परिणाम काय झाला पाहा. शकाऊस्की यांच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षातूनच डझनाहून अधिक लोकांनी अर्ज भरले, आणि डर्बिन यांच्या जागेसाठी राज्याच्या उपराज्यपाल ज्युलियाना स्ट्रॅटन, प्रतिनिधिगृहातले राजा कृष्णमूर्ती आणि रॉबिन केली अशी मातब्बर मंडळी उतरली. म्हणजे उमेदवारांचा दुष्काळ नव्हता. वेळेवर कळले तर माणसे पुढे येतात, आणि न कळू दिले तर येत नाहीत.

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको. कॅलिफोर्नियात कायदाच असा आहे की, विद्यमान लोकप्रतिनिधीने मुदतीत अर्ज भरला नाही, तर त्या जागेपुरती इतरांसाठी मुदत आपोआप पाच दिवसांनी वाढते. तिथली २०२६ ची प्रायमरी २ जूनला आहे, अर्जाची मुदत ६ मार्चला संपते, आणि जिथे विद्यमान सदस्य बाजूला झालेला असेल तिथे ती ११ मार्चपर्यंत जाते. त्यात अर्ज भरून मग मागे घेणाऱ्यांचीही तरतूद जोडली, तर इलिनॉयसारखा प्रकार करायला कोणी धजावणार नाही, कारण करून उपयोगच राहणार नाही. कोणाच्या हेतूची चौकशी नको, निषेधाचे ठराव नकोत. इतकी साधी तरतूद इतर राज्यांनी उचलू नये, याचे कारण ती अवघड आहे हे नव्हे. ती मंजूर करायची ज्यांच्या हातात आहे ते सगळे विद्यमान सदस्य आहेत, हे आहे.

टेक्सासमधल्या घडामोडी तर याहून गंभीर आहेत. तिथल्या विधिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये, जनगणना नसताना, मध्येच काँग्रेसच्या मतदारसंघांची फेररचना केली. रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढाव्यात हा उद्देश कोणी लपवलाही नाही. ८ नोव्हेंबरला अर्ज घ्यायला सुरुवात झाली. १८ नोव्हेंबरला, म्हणजे योगायोगाने गार्सिया यांच्याविरुद्धचा ठराव संमत झाला त्याच दिवशी, एल पासो येथील तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने नव्या नकाशाला स्थगिती देऊन २०२१ चाच नकाशा वापरण्याचा आदेश दिला. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश तात्पुरता रोखला आणि ४ डिसेंबरला या निवडणुकीसाठी नवा नकाशा वापरायला मोकळीक दिली. अर्जाची मुदत ८ डिसेंबरला संपणार होती. आपण कोणत्या मतदारसंघात उभे राहणार आहोत, हे उमेदवारालाच ठाऊक नाही, अशा अवस्थेत तिथे जवळजवळ महिनाभर अर्ज भरले जात होते. १९९५ पासून काँग्रेसमध्ये असलेले ऑस्टिनचे लॉइड डॉगेट यांनी नवा नकाशा टिकला तर आपण उभे राहणार नाही असे सांगितले होते. तो टिकला आणि ते बाजूला झाले. सिनेटसाठी प्रचार करणारे कॉलिन ऑलरेड यांनी शेवटच्या दिवशी मोहरा वळवून प्रतिनिधिगृहासाठी अर्ज भरला आणि त्याच दिवशी जॅस्मिन क्रॉकेट सिनेटच्या रिंगणात उतरल्या.

यात मला खटकलेली बाब निकालाची नाही, कारणमीमांसेची आहे. प्रायमरीचा प्रचार सुरू झालेला असताना खालच्या न्यायालयाने हस्तक्षेप करून गोंधळ निर्माण केला, हे सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक होते. निवडणूक तोंडावर आली असता न्यायालयांनी नियम बदलू नयेत, हे तत्त्व तिथे २००६ पासून रूढ आहे आणि ते चुकीचेही नाही. पण मतदानाला अकरा-साडेअकरा महिने असताना निवडणूक ‘तोंडावर’ कशी येते? ती आणली जाते. उन्हाळ्यात नकाशा बदलायचा, शरद ऋतूत अर्ज घ्यायला बसायचे, आणि न्यायालयाने बोट ठेवले की आता प्रक्रिया सुरू झाली आहे असे म्हणायचे. वेळापत्रक जितके अलीकडे ओढावे तितका न्यायालयाला मिळणारा अवधी कमी होतो.

अधिकाऱ्यांची बाजू मला अगदीच मान्य नाही असे नाही. परदेशातील नागरिकांना आणि सैनिकांना मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवल्या पाहिजेत, असा २००९ चा संघीय कायदा आहे. त्यामुळे १७ मार्चच्या प्रायमरीसाठी जानेवारीअखेर मतपत्रिका छापून तयार हव्यात, त्याआधी हरकतींच्या सुनावण्या संपायला हव्यात, आणि म्हणून अर्ज नोव्हेंबरात. हिशेब बरोबर आहे, पण तो १७ मार्चपासून मागे मोजलेला आहे, आणि १७ मार्च ही तारीख काही कोणी दगडावर कोरलेली नाही. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी सप्टेंबरात होते आणि तिथे अर्ज जूनमध्ये घेतले जातात. तिथल्या सैनिकांनाही मतपत्रिका वेळेवर मिळतातच. इलिनॉयनेही जनगणनेचे आकडे उशिरा आले म्हणून २०२२ ची प्रायमरी २८ जूनला घेतली होती. आभाळ काही कोसळले नाही.

अतिलवकर मुदत ही मतदाराच्या हक्कावरच घाला घालते, हे सर्वोच्च न्यायालयानेही एकेकाळी ओळखले होते. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन अँडरसन यांनी एप्रिलमध्ये अपक्ष लढायचे ठरवले, तेव्हा ओहायो राज्याची अपक्षांसाठीची मुदत मार्चमध्येच संपून गेली होती. १९८३ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मुदत घटनाबाह्य ठरवली. त्या निकालात अपक्षांना दिलासा मिळाला. प्रमुख पक्षांच्या प्रायमरीला तो लागू पडत नाही, आणि बालेकिल्ल्यांच्या या काळात अडचण नेमकी तिथेच आहे.

इथे उमेदवारीसाठी लागते काय, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या अनामत रकमेच्या पद्धतीपेक्षा ते बरेच वेगळे आहे. टेक्सासमध्ये प्रतिनिधिगृहासाठी ३,१२५ डॉलर शुल्क भरावे लागते किंवा त्याऐवजी मतदारांच्या सह्या द्याव्या लागतात. नॉर्थ कॅरोलायनात त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का शुल्क आहे, म्हणजे काँग्रेससाठी १,७४० डॉलर. न्यू हॅम्पशायरच्या चारशे सदस्यांच्या सभागृहासाठी दोन डॉलर पुरतात. इलिनॉयमध्ये शुल्कच नाही, फक्त सह्या. राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी किमान ५००, राज्य सिनेटसाठी किमान १,०००, राज्यव्यापी पदासाठी किमान ५,०००. त्या गोळा करायला मुदतीआधीचे नव्वद दिवस मिळतात.

ही पद्धत मला मनापासून आवडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे किराणा दुकानांच्या दारात, ग्रंथालयाबाहेर, रस्त्यावरच्या जत्रांत हातात फळी आणि पेन घेतलेली माणसे उभी असतात. आमच्या भागातल्या गणेशोत्सवातही आरतीनंतर प्रसादाच्या रांगेशेजारी एक तरुण कार्यकर्ती अशी उभी होती आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत होती: मतदारयादीत नाव आहे का, आणि याच मतदारसंघात राहता का. कागदावर सही, सुवाच्य अक्षरात नाव, घराचा पत्ता, गाव आणि परगणा असे रकाने. तळाशी, या सह्या माझ्यासमोर झाल्या, असे सह्या घेणाऱ्याचे शपथेवरचे निवेदन आणि नोटरीचा शिक्का. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने सही केली. नंतर लक्षात आले की त्यांनी घर बदलले आहे आणि मतदारयादीत पत्ता जुनाच आहे. ती सही बाद. म्हणूनच जाणते उमेदवार गरजेच्या दुप्पट-तिप्पट सह्या घेऊन ठेवतात, पानांना क्रमांक घालून ती घट्ट बांधतात आणि पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आत राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड इथल्या निवडणूक कचेरीच्या रांगेत उभे राहतात. आठ वाजता रांगेत असलेले सगळे एकाच वेळी आले असे धरून मतपत्रिकेवरचे पहिले स्थान सोडतीने देतात, आणि शेवटच्या तासात येणाऱ्यांमध्ये तळाच्या स्थानासाठी वेगळी सोडत होते. मतपत्रिकेवरच्या जागेसाठी एवढी धडपड करणाऱ्यांना आपले शुभमुहूर्तवाले उमेदवार नक्कीच जवळचे वाटतील.

पण या सह्यांवरही हरकत घेता येते, आणि तिथे पुन्हा वेळेचाच खेळ असतो. बराक ओबामा राजकारणात आले ते अशाच हरकतींच्या बळावर. १९९५ च्या अखेरीस राज्य सिनेटच्या तेराव्या मतदारसंघासाठी त्यांनी अर्ज भरला. त्या जागेवरच्या ॲलिस पामर काँग्रेसची पोटनिवडणूक लढायला गेल्या होत्या. २८ नोव्हेंबरला त्यात हरल्यावर त्यांनी आपली जुनी जागा राखायची ठरवले आणि थोड्याच दिवसांत घाईघाईने सह्या जमवल्या. लागणार होत्या फक्त ७५७. ओबामांच्या माणसांनी एकेक सही मतदारयादीशी ताडून पाहिली आणि हरकती घेतल्या. पामर यांनी माघार घेतली, बाकीचे प्रतिस्पर्धीही मतपत्रिकेवरून गेले, आणि ओबामा प्रायमरीत एकटेच उरले. नियमाप्रमाणे यात काहीही वावगे नव्हते. मतदारांपुढे मात्र एकच नाव आले, एवढे खरे.

मराठी वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण मिशिगनचे आहे. बेळगावहून अमेरिकेत आलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून २०२३ पासून प्रतिनिधिगृहात आहेत. २०२४ मध्ये त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी ॲडम होलियर यांच्या अर्जावर ठाणेदारांनी हरकत घेतली. किमान १,००० वैध सह्या हव्या असताना ८६३ च निघाल्या आणि होलियर यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. त्याआधी २०१४ मध्ये याच क्रमांकाच्या मतदारसंघात अनेक दशके काँग्रेसमध्ये असलेले जॉन कॉनियर्स यांच्याही सह्या बाद ठरल्या होत्या. त्यांना संघीय न्यायालयाने परत आणले. २०२२ मध्ये तर मिशिगनच्या राज्यपालपदासाठीचे पाच रिपब्लिकन इच्छुक एका झटक्यात बाद झाले, कारण पैसे देऊन नेमलेल्या लोकांनी हजारो सह्या बनावट केल्या होत्या. तेव्हा छाननी कडक असावी, याबद्दल दुमत नाही. पण मिशिगनमध्ये अर्ज एप्रिलमध्ये आणि प्रायमरी ऑगस्टमध्ये असल्याने बाद झालेल्याला न्यायालयात जायला आणि मतदाराला दुसरा विचार करायला काही अवधी तरी उरतो.

सुरतेची २०२४ ची लोकसभा निवडणूक वाचकांच्या स्मरणात असेल. तिथे काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आमच्या नाहीत असे सांगितले, अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि मतदानाआधीच जागेचा निकाल लागला. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांनी, आपल्या दैनिकासह, त्यावर भरपूर लिहिले, ते योग्यच होते. शिकागोचा चौथा मतदारसंघ त्याहून फार वेगळा नाही. तिथे अपक्ष म्हणून लढण्याची वाट अजून खुली आहे, एवढाच काय तो फरक, आणि बालेकिल्ल्यात त्या वाटेने किती जण पोहोचतात हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, आपण या निवडणुकीचे वार्तांकन ऑक्टोबरची वाट न पाहता आत्ताच सुरू करावे. अमेरिकेत नागरिकत्व घेतलेले हजारो मराठी मतदार आपले दैनिक वाचतात आणि त्यांची मुले-नातवंडेही इथे मतदार आहेत. इलिनॉय, टेक्सास आणि आर्कान्सा इथली दारे बंद झाली आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी इथली मार्चमध्ये बंद होतील, मिशिगनचे २१ एप्रिलला दुपारी चार वाजता, न्यू हॅम्पशायरचे जूनमध्ये. या तारखांची एक चौकट जानेवारीत आपल्या पहिल्या पानावर आली, तर सह्या मागायला दारात आलेल्या माणसाला काय विचारायचे हे वाचकांना कळेल. आणि त्यांच्यातल्याच कोणाला स्वतः अर्ज भरावासा वाटला, तर सह्या गोळा करायला त्याच्या हाती दिवस उरलेले असतील.

आपला,
एक नियमित वाचक
नेपरव्हिल, इलिनॉय
डिसेंबर २०२५